मध्येच थांबवलेला सिनेमा

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. वय ४९. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आहेत. शिक्षण दहावीला सुटलं, पण विज्ञानाच्या सिनेमांचा नाद सुटला नाही. एकुलती एक मुलगी बारावी सायन्सला आहे. ती आठवीत होती तेव्हापासून, शनिवारी रात्रपाळी नसली की दोघं मिळून एक सिनेमा बघायचे. ‘नुसता टाइमपास होऊ नये’ म्हणून ते मध्येमध्ये सिनेमा थांबवून त्यातून आयुष्यात काय घ्यायचं ते समजावत. एका वहीत असे ६४ बोध नंबर टाकून लिहिलेले आहेत. मुलीलाही प्रत्येक सिनेमानंतर पाच ओळी लिहाव्या लागत.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ‘इंटरस्टेलर’ लावला. त्यातला बाप मुलांचे साठलेले निरोप बघून रडतो, तिथे त्यांनी रिमोट दाबला आणि म्हणाले, “बघ, वेळेचं महत्त्व. गेलेली वेळ परत येत नाही. तुझी बारावी आहे.” मुलगी एक शब्द न बोलता उठून आत गेली. तेव्हापासून ती शनिवारी बसत नाही. कानात हेडफोन घालून मोबाइलवर एकटीच बघते. बायको म्हणते, तुम्हीच तिचा सिनेमा नासवला. आई म्हणते, सिनेमा बघून कुणी शहाणं झालंय का? त्यांचे प्रश्न असे: या सिनेमांतून आयुष्याचे धडे मिळतात की नाही? सांगायची माझी पद्धत चुकली का? आणि परीक्षा होईपर्यंत सिनेमे बंदच करावेत का?

पत्राच्या शेवटी, ‘सहज आठवलं’ म्हणून, आणखी चार ओळी आहेत. १९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. वडील गिरणीत होते आणि गिरणीचा पगार थकलेला होता. तरी एका रात्री वडिलांनी त्यांना शेवटच्या खेळाला नेलं. बाहेर आल्यावर गाड्यावरची भजी घेऊन दिली आणि विचारलं, “भ्यालास काय बे?” एवढंच. मग दोघं चालत घरी आले. वडील आता नाहीत.

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या चार ओळींपाशी थांबले. त्यांच्याकडे नंतर येते. आधी तो शनिवार.

ज्यांनी तो सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कूपर नावाचा एक बाप, पृथ्वीवर पीक उगवेनासं झालंय म्हणून, माणसांसाठी दुसरं घर शोधायला अवकाशात जातो. दहा वर्षांची मुलगी मर्फ रुसलेली असताना तो निघतो. वाटेत तो आणि त्याचे सोबती पाण्याने भरलेल्या एका ग्रहावर उतरतात. तो ग्रह एका अजस्र कृष्णविवराच्या, म्हणजे प्रकाशालाही सुटू न देणाऱ्या प्रचंड गुरुत्वाकर्षणाच्या, इतका जवळ असतो की तिथला १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. तिथून सुटून ते यानात परततात तेव्हा घरी २३ वर्षं उलटलेली असतात. मग कूपर पडद्यासमोर बसतो आणि साठलेले निरोप लावतो. मुलगा निरोपागणिक मोठा होत जातो. त्याचं लग्न होतं, मूल होतं. कूपर कधी हसतो, कधी तोंडावर हात धरून रडतो. मर्फने मात्र इतक्या वर्षांत एकही निरोप पाठवलेला नसतो. शेवटी तिचा एक येतो. बाप गेला तेव्हा त्याचं जेवढं वय होतं, तेवढी ती त्या दिवशी झालेली असते.

तुम्ही सिनेमा मर्फ पडद्यावर यायच्या आधी थांबवलात की नंतर, हे पत्रात नाही. मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं.

आता मला सांगा, कूपरने वेळ वाया घालवला होता का? तो तर त्या ग्रहावर मिनिटं मोजत होता. त्याची २३ वर्षं आळसात गेली नाहीत, तो जिथे उभा होता त्या जागेमुळे गेली. गुरुत्वाकर्षण जितकं प्रबळ तितकं घड्याळ संथ, हे आइनस्टाइनने १९०७ साली मांडलं आणि ते रोज अनुभवाला येतं. आपल्या मोबाइलमधला नकाशा ज्या उपग्रहांच्या आधाराने चालतो, त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) पुढे जातात. ती सतत जुळवून घ्यावी लागतात. न जुळवली तर तोच नकाशा एका दिवसात काही किलोमीटरनी चुकेल. सिनेमातलं कृष्णविवर बेतायला किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार होते. पुढे २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या अतिसूक्ष्म तरंगांच्या, शोधासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्या लहरी टिपणारी लायगो ही वेधशाळा आपल्या मराठवाड्यातही, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातली आहे. हे तुमच्या मुलीला माहीत असेल, नसेल तर तिला सांगा. तिचे डोळे चमकतील.

म्हणजे त्या प्रसंगातून ‘वेळ वाया घालवू नये’ हा बोध निघतच नाही. त्यातून काही निघत असेल तर ते बापासाठी आहे. ज्यांच्यासाठी आपण जिवाचं रान करतो, त्यांचं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालत नाही. तुमचे चार महिने म्हणजे चार पगार. सतरा वर्षांच्या मुलीच्या चार महिन्यांत एक अख्खं माणूस बदलून जातं.

आणि त्या क्षणी तिने काय पाहिलं असेल, याचा विचार करा. ती स्वतःच्या बापाशेजारी बसली होती. हा बाप एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी करतो. ती कॉलेजला निघते तेव्हा तो झोपलेला असतो आणि ती झोपते तेव्हा तो कामावर असतो. समोर पडद्यावर एक बाप, मुलांचं मोठं होणं हुकलं म्हणून रडत होता. मला वाटतं, तिचा गळा दाटून आला असेल. कदाचित तुमचाही. तेवढ्यात चित्र गोठलं आणि ‘तुझी बारावी आहे’ हे शब्द आले.

तुम्ही जॉबर आहात, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. मागावर धागा तुटला की माग थांबवावाच लागतो, नाहीतर पुढचं सगळं कापड खराब निघतं. तुमचा कान त्या कामात तयार झालाय. आवाज बदलला की तुम्ही धावता. पण त्या रात्री धागा तुटलेला नव्हता. माग छान चालला होता. तुम्ही थांबवलात, तेव्हा तुटला.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, हे मला कळतं. तुम्ही ते प्रेमापोटी केलंत यात मला तिळमात्र शंका नाही. पाळी करून आलेला माणूस शनिवारची रात्र मुलीसाठी राखून ठेवतो आणि चार वर्षं वही भरत राहतो, हे किती घरांत होतं? मला फक्त त्या वहीच्या मागे बसलेली एक समजूत तुमच्यापुढे ठेवायची आहे. आपल्या कष्टकरी घरांत नुसतं बसून काही बघणं, हसणं, रडणं याचा हिशोब द्यावा लागतो. दोन तास गेले, मग हाताला काय लागलं? तुमच्या आईचा प्रश्न तोच आहे. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तुम्ही वही काढलीत. ६४ बोध ही जणू त्या तासांची पावती आहे. पण बापलेकीने एका गोधडीत बसून सिनेमा बघितला, याला पावती कशाला हवी?

धडे मिळतात का, हा तुमचा पहिला प्रश्न. मिळतात. माझा अनुभव असा की ते बहुधा आपण शोधतो तिथे नसतात. जे वाक्य लोक स्टेटसला ठेवतात त्यात तर फार क्वचित.

‘द मार्शियन’ तुम्ही दोघांनी पाहिलाय, असं पत्रावरून दिसतं. वहीत त्याचा बोध ‘हिंमत हारू नये’ असा आहे. मला त्या सिनेमात हिंमतीपेक्षा बटाटे जास्त दिसतात. मंगळावर एकटा मागे राहिलेला मार्क वॉटनी वनस्पतीशास्त्रज्ञ असतो. तो आधी बसून हिशोब मांडतो, की अन्न किती, दिवस किती, तूट किती. मग मंगळाची माती आत ओढून आणतो, विष्ठेचं खत करतो, रॉकेटच्या इंधनातून पाणी तयार करायला जातो आणि पहिल्याच प्रयत्नात स्फोट होऊन भिंतीवर आपटतो. कारण काय, तर स्वतःच्या श्वासातून बाहेर पडलेला ऑक्सिजन त्याने हिशोबात धरलेला नसतो. चूक सापडते, तो पुन्हा लागतो. पुढे एक दिवस दार फुटून सगळं पीक गोठून मरतं. त्या रात्री भोकाला प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून तो आत बसतो. बाहेर वारा ते प्लास्टिक फडफडवतोय, तो दचकतोय, आणि उरलेले बटाटे मोजतोय. त्या प्रसंगात भाषण नाही. उरलंय किती, ते मोजायचं आणि सकाळी पुढचं काम धरायचं, इतकंच आहे.

हे शिकवायला तुमच्या मुलीला मंगळावर न्यायची गरज नाही. तिच्या आजोबांची गिरणी गेली आणि घर उभं राहिलं. उरलेलं मोजून पुढचा दिवस काढणारी माणसं तिच्या घरात आहेत. तुमच्या आईला एकदा विचारा, पगार थकला होता ती वर्षं तुम्ही कशी काढलीत? मुलगी शेजारी असताना विचारा. म्हातारीला सिनेमा पटत नसेल, पण वॉटनीचं गणित तिला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत असणार.

दुसरा सिनेमा ‘अरायव्हल’. तुम्ही पाहिलेला नसेल तर पाहा, आधी एकट्याने. परग्रहावरून १२ यानं येतात आणि लष्कराला एकच घाई असते. त्यांना विचारा, तुम्ही कशाला आलात? भाषातज्ज्ञ लुईज अधिकाऱ्याला फळ्यावर समजावते की या एका प्रश्नाच्या आत किती गोष्टी दडल्या आहेत. समोरच्याला मुळात ‘प्रश्न’ म्हणजे काय ते कळायला हवं. ‘तुम्ही’ म्हणजे एकटा की सगळे, ते कळायला हवं. म्हणून ती सुरुवात ‘माणूस’ या एका शब्दाच्या पाटीने करते, आणि पुढे संरक्षक पोशाख उतरवून स्वतःचं तोंड दाखवते. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, माझ्या मनात घर करून राहिलेली. चीनमध्ये त्या पाहुण्यांशी माजाँग या खेळाच्या आधारे बोलणं चाललेलं असतं. लुईजला त्यातला धोका लगेच दिसतो. खेळातून भाषा शिकवली की प्रत्येक गोष्ट प्रतिस्पर्धी, जय आणि पराजय याच शब्दांत बोलली जाणार.

तुमच्या घरातली शनिवारची भाषा कोणती झाली होती, ते बघा. बोध, पाच ओळी, बारावी. प्रत्येक गोष्ट शाळेच्या भाषेत बोलली गेली, की मुलीच्या कानाला प्रत्येक गोष्ट मार्कांसारखी लागते. तिला दिवसभर तीच भाषा आहे, कॉलेजात, क्लासला, नातेवाइकांत. शनिवारी तरी दुसरी हवी होती.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, पद्धत चुकली. पण चार वर्षं ती बसत होती, हेही विसरू नका. आठवीतल्या पोरीला बापाने समजावलेलं आवडतं. बारावीतल्या पोरीला स्वतःला काय वाटलं ते कुणी ऐकावंसं वाटतं. ती मोठी झाली आणि वही तिथेच राहिली.

इथे जयंत नारळीकरांची एक गोष्ट आठवते. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. तोवर त्यांचं नाव घरोघरी झालेलं होतं, आणि नावाकडे बघून कुणी कथेला मार्क देऊ नयेत असं त्यांना वाटत होतं. कथेचं नाव ‘कृष्णविवर’, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. सिनेमाही मुलीकडे असाच जाऊ द्या, तुमचा शिक्का न बसता. त्यातलं काय मोठं, काय फुसकं, हे तिचं तिला ठरवू द्या. कदाचित तुम्हाला अमृत वाटलेला सिनेमा तिला भंगार वाटेल. वाटू दे.

परीक्षेपर्यंत सिनेमे बंद करू नका. ‘इंटरस्टेलर’ २ तास ४९ मिनिटांचा आहे. आठवड्यातून एकदा तेवढा वेळ गेल्याने बारावी बुडत नाही. घरात अबोला असेल तर मात्र अभ्यासाची चार पानंही डोक्यात जात नाहीत. किती बघायचं, कधी बघायचं, हे तिला ठरवू द्या. ती म्हणाली की परीक्षेनंतरच, तर तेही मान्य करा, तोंड वाकडं न करता.

ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्या सगळ्यांना एक गोष्ट सुचवते. सिनेमा संपल्यावर विचारायचं असेल तर ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही तेच विचारा. ‘यातून काय शिकलीस?’ याचं उत्तर आपल्याकडे आधीच तयार असतं आणि ते मुलांना पहिल्या शब्दालाच कळतं. त्यापेक्षा चूक शोधा. विज्ञानाच्या सिनेमात चुका भरपूर असतात आणि त्या सापडल्याने सिनेमा कमी आवडत नाही. ‘द मार्शियन’मधलं ते सुरुवातीचं वादळच घ्या. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, मग वारा यान कलंडवेल कसा? त्या मातीत पर्क्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, हे फिनिक्स यानाने २००८ साली दाखवलं. मग ते बटाटे खाऊन काय झालं असतं? अवकाशात हवाच नाही, तर एवढे स्फोटांचे आवाज कुठून येतात? हे बारावीच्या मुलीला तुमच्यापेक्षा चांगलं सांगता येईल. तिला सांगू द्या. मधूनच तुम्हाला समजणार नाही, तेव्हा ‘परत सांग’ म्हणा.

आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिला तुमच्या कामावर घेऊन जा. मला खात्री आहे, बापाला कारखान्यात काम करताना तिने नीट बघितलेलं नसेल. सोलापुरात चादरीवर मोर उमटतो तो जकार्डमुळे. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ जकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने मागाला नक्षी ‘वाचायला’ लावली. भोक असलं तर दोरा उचलायचा, नसलं तर नाही. पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणितयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली, आणि संगणकाच्या इतिहासाची सुरुवात सांगताना आजही जकार्डचं नाव येतं. तुमच्या शहराच्या पूर्व भागात गल्लोगल्ली जो खडखडाट चालतो, त्यात यंत्रमानवांच्या सिनेमाचं पहिलं पान आहे. हे तिला तुमच्याइतकं चांगलं कोण दाखवणार? तिथे तुम्हाला बोध सांगावा लागणार नाही. तुम्ही आवाज ऐकून बिघाड ओळखता, एवढं तिने बघितलं तरी पुष्कळ.

वही फेकू नका. चार वर्षांच्या शनिवारांच्या तारखा तिच्यात आहेत. फक्त पुढचं पान वेगळं लिहा. ‘मला काय वाटलं’, ‘मला काय कळलं नाही’, ‘कुठे झोप लागली’. नंबर टाकू नका.

आता त्या चार ओळी.

तुमच्या वडिलांनी १९९४ च्या त्या रात्री तुम्हाला एकही धडा दिला नाही. निसर्गाशी खेळू नये, पैशाच्या लोभाने काय होतं, असलं काही ते बोलले नाहीत, आणि तो सिनेमा तर अशा धड्यांनी भरलेला आहे. थकलेल्या पगारातून दोन तिकिटं, एक पुडी भजी आणि एक प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना खरंच हवं होतं, कारण अठरा वर्षांच्या पोराच्या मनात काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं. तीस वर्षं उलटली. तुमच्या पत्रात ६४ बोधांपैकी जेमतेम दोन आले आणि ही रात्र मात्र गाड्यावरच्या भज्यांसकट आली.

तुम्ही काय उत्तर दिलं होतं, ते लिहिलेलं नाही. मुलीला सांगा. ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये मुलगा भूतकाळात जाऊन आपल्याच वयाचा, घाबरट, हडकुळा बाप बघतो आणि त्याचं बापाकडे बघणंच बदलतं. तिला त्यासाठी सिनेमातली ती काळात मागे नेणारी गाडी लागणार नाही. डायनासोरला भ्यालेला अठरा वर्षांचा तुम्ही तिला दाखवू शकता. घरी येताना रस्त्यात काय दिसलं, वडील गप्प होते की बोलत होते, सगळं सांगा. सांगून झाल्यावर त्याचं तात्पर्य काढू नका.

माफी मागायची असेल तर एका वाक्यात मागा: “त्या दिवशी मी तुझा सिनेमा मध्येच थांबवला, ते चुकलं.” त्याला ‘पण’ जोडू नका. ती लगेच बोलेल, असं नाही. मर्फनेही फार वेळ घेतला होता.

मग एखाद्या शनिवारी, ती हो म्हणाली तर, तोच सिनेमा पुन्हा लावा. थांबवला होतात तिथून लावायचा की पहिल्यापासून, ते तिला विचारा. आणि रिमोट तिच्याकडे द्या.